दित्सेसाठी सोडलेली जागा

नवस बोलणाऱ्याला पुढे आपण कुठल्या मुलखात जाऊन पडणार आहोत, हे थोडंच ठाऊक असतं? मामेर्ता नवस बोलली तेव्हा तिचा रोमुलो पाळण्यात तापाने फणफणला होता आणि डॉक्टर, वैदू, झाडपाला देणारी म्हातारी, सगळे हात टेकून बसले होते. "पोर वाचू दे. गळ्यात आवाज आहे तोवर दर पवित्र सप्ताहात तुझ्या दुःखाची पोथी गाईन," असं ती म्हणाली आणि पोर वाचलं. नुसतं वाचलं नाही, चांगलं शिकलं, वाढलं, कॅनडात विनिपेगला जाऊन घर घेऊन बसलं आणि गेल्या पावसाळ्यात आईलाही उचलून घेऊन गेलं. ज्याच्यासाठी नवस केला, त्यानेच नवस करणारीला सरोवराकाठच्या बागुम्बायान गावातून उचललं. देवाघरची थट्टा म्हणतात ती ही.

आणि आता उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले होते. पाबासा जवळ आला होता.

पाबासा काही एकट्यादुकट्याचं काम नव्हे. येशूच्या यातनांची पोथी न थांबता गाऊन संपवायची, म्हणून गाणाऱ्यांचे दोन पक्ष असतात. एकाने एक कडवं म्हणायचं, दुसऱ्याने पुढचं. एक दम घेतो तेव्हा दुसरा गातो. मामेर्ताच्या धाकट्या बहिणीच्या, सोलिंगच्या, घरचा पाबासा त्यांच्या आईच्या वेळेपासूनचा. त्यात खिडकीकडचा पक्ष धाकट्या सोलिंगचा आणि दाराकडचा मामेर्ताचा. मामेर्ता बहिणींत दुसरी, म्हणून सोलिंग तिला दित्से म्हणायची. लहानपणी भांडतानाही दित्सेच म्हणायची.

त्या रविवारी चर्चमधून, मिस्साहून, आल्या आल्या सोलिंगने फोनवरून तालीम करून बघितली. तिकडे अजून शनिवारची संध्याकाळच होती. सोलिंगने आपलं कडवं म्हटलं आणि थांबली. दित्से गप्प. अजून गप्प. डुलकी लागली वाटतं, असं समजून सोलिंगने पुढचं कडवं उचललं, आणि नेमका तेव्हाच दित्सेचा आवाज येऊन तिच्या आवाजावर आदळला.

"दोन बायका जीपनीच्या दारातून एकदम आत शिरतायत, तसं झालं," सोलिंगचा नवरा देल्फिन म्हणाला. जन्मभर त्याने जीपनी, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी लांबडी जीप, चालवली होती, त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट जीपनीसारखीच दिसे.

"राहू दे सोलिंग," दित्से म्हणाली. "तुझा आवाज माझ्याकडे बोटीने येतो."

"मग तू तुझी एकटी म्हण ना."

"एकटी? एकटीने गायला मी काय न्हाणीघरात आहे? आणि हा मोतीबिंदू. पोथीची अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात."

"मग नवसाचं काय, दित्से?"

 

"त्याचं तो बघून घेईल," दित्से म्हणाली. "पोर तर वाचलंय. आता काही परत मागायचा नाही." आणि ती हसली. सोलिंगला ते हसू चांगलं माहीत होतं. नवरा गेला त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला खुर्ची देताना दित्से असंच हसत होती.

फोन ठेवल्यावर सोलिंग भाताच्या पातेल्यापाशी नुसती उभी राहिली. तिची सून लिगाया टेबलापाशी मुलांच्या वह्या तपासत बसली होती. लिगाया गावच्या शाळेत शिकवायची. तिचा नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी.

"नानाय," लिगाया वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आवाज बोटीने जातो ना? मग आधीच पाठवून ठेवू या की. रेकॉर्डिंग करू. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पोथी मोठ्या अक्षरांत सरकत जाईल आणि तुम्ही तुमची कडवी म्हणा. तिया मामेर्ताचं कडवं आलं की अक्षरं सरकत राहतील, तुम्ही मात्र गप्प. तेवढी जागा तिच्यासाठी सोडायची. तिकडे रोमुलोच्या भल्यामोठ्या टीव्हीवर लावलं की झालं!"

सोलिंगने सुनेकडे असं पाहिलं, की सोयरीक जुळवणारीला त्याच वेळी पुन्हा एकदा आहेर मिळायला हवा होता. सगळी पोथी नको, बागेतल्या प्रार्थनेपासून कबरीपर्यंतचा भाग करू, पण पवित्र बुधवारच्या आत तिकडे पोचायला हवा, असं ठरलं.

आता त्या कॉम्प्युटरविषयी. साथीच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा लिगायाने तो घरून शिकवायला घेतला, आणि घेतला तेव्हाच तो म्हातारा होता. सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात कॉफी उकळून, गाळून, पिऊनही व्हायची. त्याच्या उभ्या पेटीवर सोलिंगने पहिल्याच दिवशी बाळयेशूची, निन्योची, मूर्ती आणून ठेवली होती. विजेच्या लोळापासून, घाणेरड्या चित्रांपासून आणि लिगायाच्या मुख्याध्यापिकेपासून त्याने राखण करावी, ही अपेक्षा. ती त्याने आजवर बऱ्यापैकी पुरी केली होती. संध्याकाळी मात्र कॉम्प्युटर देल्फिनच्या ताब्यात. मग त्यावर गाणी लागायची, पडद्यावर ओळी उमटायच्या आणि देल्फिन माईक घेऊन शेजाऱ्यांची परीक्षा पाहायचा.

त्यामुळे रेकॉर्डिंग म्हटल्यावर तज्ज्ञ तोच.

"नुसती अक्षरं कोण बघेल? मागे चित्र हवं. धबधबा हवा. शब्द गायचा आला की पिवळा व्हायला हवा. आणि वरून पाकळ्या!"

"ताताय, हे प्रभूचं दुःख आहे," लिगाया म्हणाली.

"म्हणून तर पाकळ्या हळू पडू देत."

वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं लिगायाच्या जिभेवर येईना. धबधबा आला, पिवळे शब्द आले, पाकळ्याही आल्या. सोलिंगने गळा साफ केला, क्रूसाची खूण केली आणि गायला सुरुवात केली. दित्सेचं कडवं आलं की ती ते मनातल्या मनात, ओठ हलवत म्हणायची, म्हणजे सोडलेली जागा बरोबर तेवढीच राही. समोरून बघणाऱ्याला वाटावं, टिलापिया मासा पाण्याबाहेर काढलाय. पहिला भाग झाला. गेला विनिपेगला.

दुसऱ्या दिवशी दित्सेचा निकाल आला.

"सोलिंग, प्रभूने बागेत गुडघे टेकले, इथवर दिसलं. मग अक्षरं जी गोठली! तू आपली गातेयस, गातेयस, आणि अक्षरं जागची हलत नाहीत. एक पाकळी प्रभूच्या नावावर अडकून बसलेली. मग एकदम उडी. बघते तर त्याला बांधून नेलंसुद्धा! दगाबाज यहूदा कधी आला, मुका घेऊन प्रभूला कधी दाखवून दिलं, पत्ता नाही. तुमच्या कॉम्प्युटरने यहूदाला सोडून दिला बघ. आणि तो धबधबा कुणाच्या डोक्यातला? मला दर कडव्याला उठून जावं लागत होतं."

देल्फिन अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

लिगायाने मग बाह्या सरसावल्या. साथीच्या काळात तिने मुलांसाठी धडे बनवले होते, त्यात असंच होऊन तिचे गुणाकार मधेच गोठायचे. त्या दिवसांत शिकलेलं तिला सगळं आठवलं.

"हे बघा नानाय, आपण त्याला एकाच वेळी दोन कामं सांगतोय. स्क्रीनवर दाखव, आणि जे दाखवतोयस ते सगळं टिपूनही ठेव. म्हाताऱ्या माणसाला गा म्हणायचं आणि वर गाणं लिहूनही घे म्हणायचं! तो सेकंदाला साठ चित्रं काढायला धडपडतो. दमला की मधली चित्रं टाकून देतो. त्या टाकलेल्यांतच यहूदा गेला."

"मग ओझं कमी कर बिचाऱ्याचं."

ओझं कमी झालं. धबधबा गेला, पाकळ्या गेल्या. काळी पाटी आणि पांढरी अक्षरं, बस्स. चित्राचा आकार लहान केला. सेकंदाला साठच्या जागी तीस, तिसाच्या जागी पंधरा. "अक्षरंच आहेत, झुंजीचा कोंबडा नाही. पंधरा पुष्कळ झाली," लिगाया म्हणाली. कोंबड्यावरून आठवलं, म्हणून मागे उघडी ठेवलेली पानं बघितली तर देल्फिनच्या कोंबड्यांच्या झुंजी एकीमागे एक रांगेने उभ्या होत्या. त्या सगळ्या बंद केल्या. रेकॉर्डिंग आधी पेनड्राइव्हवर उतरत होतं. तो मुंगीच्या पावलाने लिहायचा, म्हणून थेट कॉम्प्युटरच्या पोटातच उतरवायचं ठरलं.

आणि काय सांगावं! अक्षरं अशी सरकायला लागली, जशी वारा पडल्यावर सरोवरावरून होडी जाते. ना थांबा, ना हिसका. सोलिंगने तो भाग पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

दित्सेचा फोन आला तो तक्रारीनेच. "माझ्यासाठी जागा ठेवतेस की मैदान? माझं कडवं संपवून, खोकून, पाणी पिऊन झालं तरी तू आपली गप्पच!" सोलिंगने फोन कानापासून दूर धरला आणि देल्फिनकडे बघून कुजबुजली, "गायली! अरे, ती गायली!"

मग रोज पहाटे मिस्साहून आल्यावर, लिगाया शाळेला जायच्या आत, एक-एक भाग व्हायला लागला. महायाजकाच्या वाड्यातली चौकशी झाली. पेत्राने नाकारून झालं. आता शिक्षा सुनावणाऱ्या रोमन सुभेदार पिलातापासून पुढचं उरलं होतं.

तेवढ्यात उपवासकाळाचा पाचवा रविवार आला. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत मूर्ती जांभळ्या कापडाने झाकून ठेवायच्या, हा चर्चचा रिवाज आणि सोलिंगच्या घरचाही. यंदा तिने निन्योसाठी नवं पांघरूण शिवलं होतं. गेल्या साली अपुरं पडून त्याचे बूट दिसत होते, ते तिच्या मनाला वर्षभर लागून राहिलं होतं. म्हणून यंदा हात आखडला नाही. पांघरूण निन्योच्या मुकुटावरून निघालं ते पेटीवरून चारी बाजूंनी ओघळत थेट टेबलाला टेकलं.

"राजाला शोभतंय," ती म्हणाली.

सोमवारी पिलाताचा प्रसंग रेकॉर्ड करायला घेतला. पहिली चार कडवी ठीक गेली, आणि मग अक्षरं अडखळली. थांबली. उडी मारून पुढे गेली. पिलाताने पाणी मागवलं, आणि हात न धुताच तो घरी गेला.

लिगायाने सगळं पुन्हा तपासलं. काहीही बदललेलं नव्हतं. तिने पंधराची बारा केली, बाराची दहा. दहा केल्यावर अक्षरं दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा आणि पिलात आला की पुन्हा तेच. मंगळवार गेला, बुधवार गेला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने यंत्र न बघताच सांगून टाकलं, "जुनं झालंय. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

"पिलात आहे ना, सरकारी माणूस," देल्फिन म्हणाला. "सरकारी काम असंच अडतं."

सोलिंगला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या मनात भलतंच घर करून बसलं होतं. ज्या डब्यावर देल्फिन बेवफा बायकांची गाणी म्हणतो, त्यात आपण प्रभूच्या जखमा कोंबल्या. त्याला आवडलं नसेल. दित्सेने फोनवर विचारलं, "किती राहिलंय गं?" तेव्हा सोलिंग "होत आलंय," म्हणाली, आणि खोटं बोलल्याबद्दल लगेच क्रूसाची खूण केली. पुढच्या बुधवारी पाबासा सुरू होणार होता.

शुक्रवारी दुपारी चुलीवर मुगाचं कालवण शिजत होतं. लिगाया शाळेत होती. जाताना ती कॉम्प्युटर चालूच ठेवून गेली होती. रेकॉर्डिंगचा कुठलासा नवा प्रोग्राम इंटरनेटवरून हळूहळू उतरत होता. सोलिंग निन्योपुढे आली. डोळे मिटून म्हणाली, "माझं काही चुकत असेल तर सांग. पण दित्सेला शिक्षा नको." आणि पाया पडावं तसा तिने पांघरुणावरून त्याच्या पायांना हात लावला.

हात चटकन मागे आला.

"देल्फिन! अरे देल्फिन! निन्योला ताप आलाय!"

देल्फिनने येऊन हात लावला. त्याच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही, यावरून काय ते ओळखावं. शेजारची आलिंग पास्तोरा खिडकीला खिडकी लावूनच राहायची. घरातच तिचं छोटं दुकान होतं, साबणापासून मेणबत्तीपर्यंत. ती ओल्या हातांनी धावत आली, निन्योच्या पाठीला हात लावला आणि मटकन गुडघ्यांवर बसली. "आठवडाभर आपली पापं अंगावर घेऊन उभा आहे गं लेकरू!" एवढं बोलून ती जी बाहेर धावली, ती मुगाच्या कालवणाला उकळी फुटायच्या आत अर्धी वस्ती घेऊन आली.

शाळा सुटून लिगाया घरी आली तर तिला स्वतःच्या घरात शिरता येईना. अंगणात बायका, पायरीवर मेणबत्त्या, आत जपमाळ चाललेली. एक संधिवाताची म्हातारी निन्योच्या पाठीला दोन्ही हात लावून शेकत उभी होती आणि तिच्यामागे रांग.

"काय झालं? आग लागली का कुठे?"

"हळू बोल," पास्तोरा म्हणाली. "निन्योला ताप आहे."

लिगायाने रांगेतून वाट काढली. आधी निन्योला हात लावला, मग त्याच्या खाली पेटीला, मग वाकून मागे बघितलं. पेटीची हवा बाहेर टाकणारा पंखा जांभळ्या कापडात तोंड खुपसून घरघरत होता. तिने सासूचा दंड धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं.

"नानाय, रागावू नका. ताप त्याला नाही. तो ज्याच्यावर उभा आहे, त्याला आहे."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटर काम करताना तापतो. पंखा ती गरम हवा बाहेर फेकतो. पांघरुणाने त्याचं नाकतोंडच दाबलंय. आणि फार तापला ना, की जळू नये म्हणून तो आपणहून हळू होतो. म्हणून अक्षरं अडतायत. मी मेली त्याच्यासमोर रोज बसते, तो दमलाय म्हणून चित्रं कमी करत बसले, आणि त्याच्या अंगावरची गोधडी मला दिसली नाही!"

सोलिंगने मागे मोजून पाहिलं. सोमवार. त्याच्या आदला रविवार. आपली सुई, आपला दोरा, आपलंच न आखडलेलं माप.

"अरे देवा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "मीच!"

देल्फिन दारात उभा राहून ऐकत होता. "मग आता मूर्ती उचला, की काम झालं."

"उचला? बाहेर बघितलंस का किती माणसं आहेत? त्यांना काय सांगू, तुमचा चमत्कार पंख्याचा आहे म्हणून?"

"सांगतेस कशाला? ईस्टरपर्यंत असू दे. पास्तोराच्या दोन वर्षांच्या मेणबत्त्या खपल्या."

"आणि दित्से?"

 आज पेटी मोकळी झाली तर पिलातापासून कबरीपर्यंत उद्यापर्यंत उरकेल, रविवारी विनिपेगला पोचेल. नाही झाली तर दित्से बुधवारी टीव्हीसमोर बसेल, अर्ध्या वाटेवर चौकशी थांबेल, आणि ती खुर्च्या देत हसेल.

सोलिंगने चूल बारीक केली, हात पुसले आणि बाहेर गेली. जपमाळेतली चालू प्रार्थना संपेपर्यंत थांबली. पुरी होऊ दिली. तेवढा मान ठेवलाच पाहिजे.

"बायांनो," ती म्हणाली, "निन्यो तापलाय हे खरं आहे. का तापलाय, ते मला आत्ता कळलं. मी शिवलेल्या पांघरुणाने त्याच्या खालचं यंत्र गुदमरलंय, त्याची ऊब वर येते." कुणीतरी "अय्या" म्हणालं. "थांबा, मला बोलू द्या. माझ्या दित्सेचा नवस तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासाठी आम्ही पोथी उतरवून घेत होतो, ती या सोमवारपासून अडली. माझ्या मास्तरीण सुनेला कारण सापडेना, बाजारातल्या माणसाला सापडेना. मी आज याला म्हटलं, काय चुकतंय ते सांग. आणि याने माझा हात भाजला. आता याला चमत्कार म्हणायचं की पंखा, ते ज्याने त्याने घरी जाऊन ठरवावं. मला त्याला उचलायचंय."

पास्तोरा उठून उभी राहिली. "झाकलेल्या मूर्तीला हलवशील? या दिवसांत?"

"पांघरूण काढत नाही. पांघरुणासकट उचलते. आई-बाप त्याला घेऊन मिसर देशापर्यंत पळाले होते, आलिंग पास्तोरा. मी कपाटापर्यंत नेतेय."

बायकांत खसखस पिकली. पास्तोराने ओठ घट्ट मिटून धरले, पण एक बाजू सुटलीच.

"पण सोलिंग," ती संधिवाताची म्हातारी काकुळतीने म्हणाली, "माझी बोटं खरंच मोकळी झालीत गं."

"मग असू देत ना, लोला. मी कुठे परत मागतेय?"

तिने निन्योला दोन्ही हातांनी उचललं आणि झोपलेल्या पोराला नेतात तसं खांद्याशी धरून कपाटावर नेऊन ठेवलं. मेणबत्त्या मागोमाग गेल्या. पंख्याने मोठा सुस्कारा टाकला. मागच्या बाजूने गरम वाऱ्याचा झोत आला आणि पास्तोराच्या झग्याची झालर हलली.

"बघा," लिगाया म्हणाली, "जीव आला."

यंत्र निवेपर्यंत काय करायचं? बायका जमल्याच होत्या, चूल पेटलेलीच होती. देल्फिनने आल्याचा काढा उकळला, पास्तोराने दुकानातली बिस्किटं आणली, आणि सोलिंगच्या डोक्यात आलं, की आपला खिडकीकडचा पक्ष एवढा भरगच्च आयता बसलेला असताना आपण एकटीने कशाला गावं?

"पण एक अट," लिगायाने वर्गात सांगतात तसं सांगितलं. "आपलं कडवं मोठ्याने. तिया मामेर्ताचं कडवं आलं की फक्त ओठ. आवाज काढला तर बाहेर उभं करीन."

तुम्ही ते दृश्य पाहायला हवं होतं. पिलाताच्या दारात खोलीभर बायका एका आवाजात गाताहेत, आणि पुढच्याच कडव्याला सगळ्या जणी गप्प. नुसते ओठ हलताहेत, माना डोलताहेत, लोलाची मोकळी झालेली बोटं हवेत ताल धरताहेत, आणि त्या सगळ्या शांततेच्या मधोमध दित्सेची रिकामी जागा अशी वाहते आहे की तिच्यात हात बुडवावा. देल्फिन ओठ दाबून दारात उभा होता. हसू दाबतोय असं त्याला वाटत होतं. डोळे मात्र दुसरंच काही करत होते. पास्तोराला दोनदा भान राहिलं नाही, एकदा काट्यांच्या मुकुटाला आणि एकदा विरोनिकेच्या रुमालाला. लिगायाने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मुलांची वही तपासावी तशी लिगाया अक्षरं निरखत होती. अडलं नाही. पिलाताने नीट हात धुतले, पाणी निथळेपर्यंत. दर भागानंतर ती कॉम्प्युटरला थोडी विश्रांती द्यायची, बायका काढा प्यायच्या, पुन्हा पुढचा भाग. शुक्रवारी क्रूसावर नेईपर्यंत झालं. शनिवारी सकाळी कबरीवर दगड बसला. रविवारी चर्चमध्ये झावळ्यांना आशीर्वाद मिळून सगळे घरी आले तेव्हा सगळं तिकडे पोचलं होतं.

"मिळालं," दित्सेचा एवढाच निरोप आला. त्यापुढे ना तक्रार, ना टोमणा. सोलिंगला ते काही बरं वाटलं नाही.

बुधवारी बागुम्बायानात पाबासा बसला. दाराकडच्या पक्षात आता पास्तोरा पुढे होती. दोन पक्षांची कडवी आळीपाळीने जात-येत राहिली, भाताच्या गोड वड्या वाटल्या गेल्या, माणसं उठली, माणसं बसली, पोथी थांबली नाही. मधे मधे सोलिंगची नजर फोनकडे जायची. फोन मुका. तिकडे ती गातेय की नाही, हे कळायची सोय नव्हती. गायला जागा करून देणं एवढंच आपल्या हातात, असं स्वतःला समजावत ती पुढचं कडवं म्हणायची. गुड फ्रायडेला दुपारी पोथी मिटली. रस्त्यावरून मिरवणूक गेली. फोन मुकाच.

शनिवारी सकाळी, तिकडे अजून शुक्रवारची संध्याकाळ असताना, तो वाजला. सोलिंगने उचलला तर पलीकडून नुसती खरखर.

"कोण बोलतंय? हॅलो? कोण आहे?"

"मी," खरखर म्हणाली. "हळू बोल. घसा पार गेलाय."

सोलिंग खाली बसली. 

"पास्तोरा अजून बेसूरच आहे," दित्से घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दोनदा माझ्या जागेत घुसली. तिला सांग, ऐकलंय मी. आणि आज दुपारनंतर माझा आवाज बसला तो बसलाच. पाच-सहा कडवी उरलेली. मी नुसती बघत राहिले. तर रोमुलो म्हणाला, आई, मी म्हणतो. त्याला ना चाल येते, ना काही. पण अक्षरं थांबत नव्हती गं. सरळ, संथ. त्यांच्या मागे मागे चालत चालत गेला बिचारा, शेवटपर्यंत."

"कसा गायला?"

"भयंकर. शेजारची म्हातारी बर्फातून दार वाजवत आली. विचारायला लागली, घरात कुणी गेलंय का? रोमुलोने सांगितलं, हो, पण रविवारी परत येतोय."